स्कूटर एका किकमध्ये सुरू होते हे खरं, पण ताई, आत्ता रस्त्यावर काढू नका

इंदूरच्या राजेंद्र नगरमधून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे म्हणून कामाचा भाग तेवढा देतो.

"काका नमस्कार. सासरे जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची १९९८ ची चेतक अंगणात पडून होती, ह्यांनी दिवाळीत मिस्त्रीकडून सगळी करून घेतली, कार्ब्युरेटर, क्लच वायर, दोन्ही टायर, रंग सुद्धा, आता एका किकमध्ये सुरू होते. रजिस्ट्रेशन सासऱ्यांनी २०१३ ला रिन्यू केलं होतं, त्यानंतर कुणी बघितलं नाही. पुण्याच्या दिरांनी त्यांची जुनी कार आम्हाला वापरायला दिलीये, एमएच १२ नंबर, तिलाही इथे दीड वर्ष होत आलं. मुलगी सोळाची आहे, भंवरकुआंला क्लासला जाते, तिला बॅटरीची स्कूटर घेतली, दुकानदार म्हणाला 'ना लाइसेंस लगेगा ना नंबर'. शिवाय महूजवळ शेतात ट्रॅक्टर आहे. एक एजंट म्हणतो बारा हजार द्या, चेतकचं सगळं करून देतो, 'इंश्योरेंस भी पीछे की तारीख का'. हे म्हणतात गाड्या ठणठणीत आहेत, जायचं फार तर राजवाड्यापर्यंत, कशाला एवढा खटाटोप. तुम्हीच सांगा काय करायचं."

ताई, तुमच्या मिस्टरांनी बाबांची गाडी भंगारात न घालता उभी केली ह्याचं मला मनापासून कौतुक वाटतं, हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहितोय ते वाचून त्यांना वाटेल काका आपल्या मेहनतीवर पाणी ओततायत. तसं नाहीये. पण मिस्त्रीने गाडी चालू करून दिली म्हणजे ती रस्त्यावर आणायचा हक्क मिळाला असं होत नाही. त्यासाठी गाडीचं रजिस्ट्रेशन जिवंत पाहिजे, कमीत कमी थर्ड पार्टी इन्शुरन्स (आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई देणारा विमा) पाहिजे, पीयूसी पाहिजे आणि चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स पाहिजे, आणि हे सगळं एकाच वेळी, ज्या मिनिटाला चाक रस्त्यावर आहे त्या मिनिटाला. प्रत्येकाची मुदत वेगळी असते, एकाची जरी संपली तरी बाकीच्यांनी भागत नाही. आणि "कॉलनीतल्या कॉलनीत" ही पळवाट तर नाहीच, कारण मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जिथे जायचा हक्क आहे ती कुठलीही जागा, मग तो एबी रोड असो की तुमच्या घरासमोरची गल्ली.

आता चेतक. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं. १९९८ ची गाडी, २०१३ ला रिन्यू, म्हणजे २०१८ ला मुदत संपली. तेव्हापासून ती कागदावर विना-रजिस्ट्रेशनची गाडी आहे, आणि अशी गाडी चालवली तर केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदा ५००० पर्यंत दंड लिहिलाय, दुसऱ्यांदा १०,००० पर्यंत (जागेवर तडजोड करून भरायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, ती वेगळी असू शकते). बरेच लोक सांगतात की पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप बाद, तेही चूक आहे, दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीचा तो आदेश दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्या मध्य प्रदेशात गाडी तपासणीत पास झाली तर रिन्यू होते. आणि कुणी "अँटिक आहे, तिला सूट असते" म्हणालं तर ऐकू नका, विंटेजसाठी ५० वर्षं पूर्ण लागतात, आणि तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालतच नाही.

तुमच्याकडे दुसरी गोष्टही आहे जी जास्त अवघड आहे, गाडी अजून बाबांच्या नावावर आहे. नियम असा आहे की मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, तसं कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, मला माहितीये, घरात तेरावं, पेन्शनचे कागद, बँकेच्या चकरा, त्यात स्कूटर कोण बघतो. दीड वर्षाने गेलात तर उशिराचा दंड भरायला लागेल पण काम होतं. डेथ सर्टिफिकेट, जुनं आरसी बुक, तुमच्या मिस्टरांचं आधार आणि पत्त्याचा पुरावा, सासूबाई आणि बाकी वारसांची ना-हरकत शपथपत्रावर, म्हणजे पुण्याच्या दिरांची सुद्धा, ती ते पुढच्या वेळी आले की लगेच घेऊन ठेवा. रिन्यूअलचा फॉर्म २५ वेगळा.

खर्चाचंही उघड बोलतो. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या दुचाकीच्या रिन्यूअलची फी १००० झाली, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या दुचाकींची २००० केली, शिवाय उशीर झाला तर महिन्याला ३०० जादा फी, म्हणजे वर्षाचे ३६०० झाले. तुमची गाडी २०१८ पासून थांबलीये, तेव्हा हा आकडा स्कूटरच्या बाजारभावाच्या वर जाऊ शकतो. सरकारच्या परिवहन पोर्टलवर गाडी नंबर टाकून फी किती दाखवतंय ते आधी बघा, मग घरात बसून ठरवा. बाबांची आठवण म्हणून तेवढे घालायचे असतील तर घाला, त्यात काही वाईट नाही. नाहीतर गाडी पुसून-बिसून अंगणात ठेवा, चालवू नका, किंवा सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला देऊन तिथलं सर्टिफिकेट घ्या आणि आरसी रद्द करून घ्या. सियागंजच्या एखाद्या भंगारवाल्याला नुसती विकून मोकळे होऊ नका, तो उद्या ती कुणाला तरी चालू करून देईल आणि रेकॉर्डवर नाव मात्र तुमच्याच घरचं राहील.

रिन्यू करायचं ठरलं तर एक गोष्ट आजच बघा. मिस्त्रीने गाडीला रंग दिलाय म्हणता, तर त्याला चेसिस नंबर कुठे आहे ते दाखवायला सांगा. तो नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, आणि रंगवाले लोक बऱ्याचदा त्याच्यावर पुट्टी ओढून वरून स्प्रे मारतात, मग बोटाला लागत नाही की डोळ्याला दिसत नाही. आरटीओत गाडी दाखवाल तेव्हा इन्स्पेक्टर पहिल्यांदा तेच शोधतो, आरसीवरचा आणि पत्र्यावरचा आकडा जुळतो का ते. पातळ कागद नंबरवर धरून वरून शिसपेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात, ती छाप फॉर्मला लावायची असते. एखादा आकडा गंजात गेला असेल किंवा पुट्टीत बुजला असेल तर हळू हाताने थिनरने साफ करा, घासणी किंवा ग्राइंडर लावू नका, खोडल्यासारखा दिसला तर वेगळाच संशय येईल. आणि रंग बदललाय का? म्हणजे बुकात ग्रे लिहिलंय आणि आता लाल झालीये असं असेल तर तेही नोंदवून घ्यायला लागतं. नायता मुंडल्याच्या आरटीओला ती चालवत नेऊ नका, लोडिंग रिक्षात घालून न्या, कारण तपासणीला जाताना सुद्धा ती विना-रजिस्ट्रेशनचीच असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब लिहितोय ती. माझं सगळं आयुष्य विम्याच्या क्लेमच्या कागदांत गेलं, त्यामुळे चलानाची भीती मी कुणाला घालत नाही, चलान भरून माणूस घरी येतो. मला काळजी असते ती समोरच्या माणसाची. समजा तुमचे मिस्टर सकाळी दूध आणायला निघालेत, वेग वीसचा, आणि गल्लीतून एक सायकलवाला अचानक आडवा आला, पडला, मांडीचं हाड मोडलं. चूक कुणाची हा पुढचा प्रश्न, पण तो माणूस रोजंदारीवर असेल तर चार-सहा महिने घरी बसणार, ऑपरेशन, प्लेट, फिजिओ. हा पैसा कुठून यायचा? त्याच्यासाठीच थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा केलाय. त्या पॉलिसीत माणसाच्या मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही, मोटर अपघात ट्रिब्युनल वय, कमाई, मागे अवलंबून असलेली माणसं बघून जो आकडा ठरवेल तो कंपनीने द्यायचा. १५० सीसीपर्यंतच्या स्कूटरला ह्याचा जून २०२२ पासूनचा वर्षाचा दर आहे ७१४ रुपये अधिक टॅक्स. सातशे रुपये ताई, एवढ्यासाठी लोक वर्षानुवर्षं विना-विम्याची गाडी फिरवतात आणि मग ट्रिब्युनलचा सगळा आकडा मालकाच्या घरावर येतो, आणि घरावर तरी येतो का, बऱ्याचदा मालकाकडे देण्यासारखं काही नसतं आणि तो जखमी माणूस हातात ऑर्डर घेऊन बसून राहतो. मी असे लोक पाहिलेत, ऑर्डरची झेरॉक्स घडी करकरून पाकिटात ठेवलेले.

विमा असला पण बाकी काही कमी असलं तर काय, हेही लोक विचारतात. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं तर बरेचदा ट्रिब्युनल कंपनीला सांगतं की आधी जखमीला दे आणि मग मालकाकडून वसूल कर, म्हणजे समोरच्याचं भागतं पण तुमच्यावर कर्ज चढतं. आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तर, २०२१ साली सुप्रीम कोर्टाने एका चोरीच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलं की तात्पुरत्या नंबरची मुदत संपलेली गाडी वापरत होतात, तर कंपनीने क्लेम नाकारला ते बरोबरच. म्हणजे प्रीमियम भरत राहिलात आणि रजिस्ट्रेशन मेलेलं, तर ऐन वेळी हात रिकामे. बाबांच्या नावाची जुनी पॉलिसी कपाटात सापडली तर तिच्यावरही विसंबू नका, मालक गेल्यावर ती फार तर तीन महिने चालते, त्याआधी मुदत संपली तर तेवढीही नाही.

पुण्याची कार. हिचं प्रकरण सोपं आहे पण टाळू नका. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली की इथला नंबर घ्यायलाच लागतो. तुमचे बारा महिने कधीच होऊन गेले. दिरांना पुणे आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी काढायला सांगा, त्याआधी गाडीवर जुनी चलानं राहिली असतील ती भरायची, लोन असेल तर बँकेचं पत्र. मग इथे एमपी ०९ चा नंबर, इथला रोड टॅक्स, आणि तिकडे भरलेल्या लाइफटाइम टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा हिस्सा पुण्याला अर्ज करून परत मागता येतो, तो लोक मागतच नाहीत, तुम्ही मागा. आणि गाडी खरंच तुम्हाला दिलीये ना, मग नावावरही करून घ्या, भावा-भावांत कागद कशाला असं म्हणू नका. कोर्टाच्या दृष्टीने रेकॉर्डवर ज्याचं नाव तो मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे पक्कं सांगितलंय, म्हणजे इंदुरात तुमच्या हातून काही झालं तर नोटीस पुण्यात दिरांच्या दारात जाईल. नव्या आरसीत नॉमिनीचं नाव टाकायची सोय २०२१ पासून आहे, तेही टाका, म्हणजे पुढच्या पिढीला बाबांच्या स्कूटरसारखं धावायला लागणार नाही.

मुलीच्या स्कूटरबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे, राग मानू नका. दुकानदार जे म्हणाला ते अर्धं खरं आहे. बॅटरीची गाडी २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ च्या आत वेगाची असेल, आणि सरकारमान्य टेस्टिंग संस्थेने तसं तपासून सर्टिफिकेट दिलं असेल, तर कायदा तिला मोटार गाडी मानतच नाही, नंबर नको, लायसन्स नको, विमा नको. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की "चाळीस-पंचेचाळीस आरामात जाते, पोर खूश आहे". तिथेच सगळं संपलं. पंचेचाळीसने जाणारी गाडी ही मोटार गाडी आहे, तिला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा नंबर लागतो, विमा लागतो, लायसन्स लागतं (पीयूसी तेवढी बॅटरी गाडीला नसते). काही दुकानदार सर्टिफिकेट हळू गाडीचं दाखवतात आणि कंट्रोलरचं, म्हणजे वेगाला लगाम घालणाऱ्या भागाचं, लॉक काढून किंवा मोठी मोटर बसवून विकतात, कारण गिऱ्हाइकाला पळणारी गाडी पाहिजे असते. आणि लायसन्सचं वय अठरा आहे, सोळाला मिळतं ते फक्त बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तिच्या हातून काही झालं तर कलम १९९ए खाली पालक आणि गाडीचा मालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि तिला स्वतःला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे कॉलेज संपून नोकरी लागेल तरी पोर स्कूटी चालवू शकणार नाही.

तर आज काय करायचं. चावी तुमच्याकडे घ्या. दुकानात जाऊन त्या मॉडेलच्या टाइप अप्रूव्हल सर्टिफिकेटची, म्हणजे टेस्टिंग संस्थेच्या त्याच सर्टिफिकेटची, कॉपी लेखी मागा, मोटरवरची छोटी पट्टी वाचा, तिथे वॅट लिहिलेले असतात, मोबाइलवर फोटो काढून सर्टिफिकेटशी जुळवा. २५० च्या वर असतील, किंवा वेग पंचविसाच्या वर जात असेल, तर दुकानदाराला म्हणा एकतर कंपनीने दिली होती तशी करून दे, नाहीतर पैसे परत दे, आणि तो उडवाउडवी करायला लागला तर बिल जपून ठेवा आणि ग्राहक आयोगात तक्रार टाका, बिलावर "लो स्पीड" लिहिलेलं असेल तर तुमची बाजू पक्की आहे. तोपर्यंत क्लासला सिटी बस किंवा मैत्रिणींबरोबर रिक्षा. आणि समजा गाडी खरोखर पंचविसाची निघाली तरी हेल्मेट घालायला लावा आणि भंवरकुआंच्या मोठ्या रस्त्यावरून नको, आतल्या रस्त्याने जाऊ दे, अशा हळू गाडीला शेजारून बस गेली की पोरीला सावरता येत नाही.

ट्रॅक्टरचं दोन वाक्यांत. शेतीचा म्हणून नोंदवलेला असेल तर शेतीच्याच कामाला वापरा, ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते ती आहे का बघा, विटा-मुरूम भाड्याने वाहायला लागलात की ते व्यापारी काम झालं आणि त्याला परमिट-फिटनेस सगळं वेगळं. आणि लग्नाला, जत्रेला ट्रॉलीत माणसं भरून नेऊ नका, त्या माणसांना त्या विम्यात जागा नाही.

मिस्टरांचं स्वतःचं लायसन्सही एकदा काढून तारीख बघा. पन्नाशीच्या आतल्या माणसाला सहसा दहा वर्षांचं मिळतं, पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचं, आणि मुदत संपल्यावर पूर्वी जी तीस दिवसांची सवलत होती ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. एक वर्षाच्या वर उशीर झाला तर टेस्ट परत द्यायला लागते.

आता एजंट. फॉर्म भरून द्यायला, लाइनीत उभं राहायला कुणी पैसे घेत असेल तर तो तुमचा प्रश्न, वयस्कर माणसांना तेवढी मदत लागते. पण मागच्या तारखेचा इन्शुरन्स म्हणजे सरळ खोटा कागद आहे. पॉलिसी ज्या तारखेला आणि ज्या वेळेला निघते तिथूनच पुढे चालू होते, मागे जात नाही, कुठलीच कंपनी तसं करत नाही, तो तुम्हाला जो छापून देईल तो कंपनीच्या रेकॉर्डवर सापडणारच नाही. अपघात झाला की पहिल्याच दिवशी पोलिस तो नंबर तपासतात, आणि मग विना-विम्याच्या केसवर बनावट कागद वापरल्याची केस चढते, तीही तुमच्या मिस्टरांवर, एजंट तर फोनही उचलणार नाही. तेव्हा त्याला नाही म्हणा, आगाऊ काही दिलं असेल तर परत मागा. पॉलिसी स्वतः ऑनलाइन किंवा कंपनीच्या ऑफिसातून घ्या, मग एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख तिथे दिसते का ते बघा, एक-दोन दिवस लागतात कधीकधी. दिसली की डिजिलॉकरमध्ये आरसी आणि लायसन्स घेऊन ठेवा, चौराह्यावर पोलिसाने विचारलं तर मोबाइलवरचे तेच कागद चालतात, मूळ बुक बरोबर घेऊन फिरायची गरज नाही.